कॅमेऱ्याचं घराणं

कसबा पेठेतल्या बद्रीनाथ काकांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात दोनच गिऱ्हाइकं उभी राहू शकत. त्यामुळे समाधानचं कोपर उल्काच्या हातातल्या लेन्सला लागलं, याला नशीब म्हणावं की दुकानाची रुंदी, हे मला नक्की सांगता येणार नाही.

"सॉरी..."

"लेन्सला म्हणा. मला काही लागलं नाही."

साल दोन हजार सात. येरवड्याचा समाधान एका आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा. त्या सवयीने स्वतःच्या प्रत्येक निर्णयातही त्याला आधी चूकच दिसे.

"हा स्वस्त आहे, हाच घ्यावा म्हणतो... पण..."

"अहो, नुसता कॅमेरा काय बघता?" उल्का म्हणाली. "तो चार वर्षांत जुना होईल. लेन्स राहतात. आणि एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. पुढे कुठल्या लेन्स घेणार, ते आधी ठरवा."

"मुलगी बघताना घराणं बघतात, तसं," काका म्हणाले. "पण लवकर बघा. मागे रांग लागलीय."

मागे कोणीच नव्हतं.

"तुम्ही फोटो कशाचे काढणार?" तिने विचारलं.

"माणसांचे. पण... लांबून. जवळ गेलं की मीच लाजतो."

"मग लांबच्या लेन्सचा विचार करा. माझ्याकडे आहे. रविवारी या, वापरून बघा."

उल्का धायरीहून स्कूटीवर यायची. कधी नदीकाठचे पक्षी, कधी तांबट आळीतले हातोडे... कॅमेरा तिचा, लेन्स तिच्या, शंका त्याच्या. एकदा श्रावणातली सर आली. तिने ओढणी कॅमेऱ्यावर धरली, त्याने आपली पिशवी. डोकं कोणी झाकलंच नाही. दोघं चिंब भिजली. लेन्स मात्र कोरडी राहिली.

कॅमेरा घेतला की हे रविवार संपणार, हे समाधानला कळत होतं. म्हणून दर आठवड्याला त्याला नवी शंका येई. आणि उल्काही गंभीरपणे म्हणे, "घाई नको हं. फुलांची लेन्स बघायची राहिलीय."

शेवटी काकांनीच त्याला सुनावलं, "सवलत शनिवारी संपतेय. नंतर फोटो काढायला तुमची नातवंडं येतील."

रविवारी नदीकाठच्या बाकावर समाधानने खोकं ठेवलं. उल्काने त्यावरचं नाव वाचलं... पुन्हा वाचलं.

"ही दुसरी कंपनी आहे."

"हो! तुमच्या लेन्स सारख्या मागायला नकोत. आमच्या घरी शिकवलंय, उसनं मागायचं नाही."

"माझी एकही लेन्स याला बसणार नाही."

"नाही ना! तुम्हाला अजिबात त्रास नाही," तो आनंदाने म्हणाला, आणि मग त्याला तिचा चेहरा दिसला.

"मी इतके दिवस तुला फक्त लेन्स दाखवत होते, असं वाटलं तुला?"

तिने पहिल्यांदाच 'तू' म्हटलं, आणि तेही अशा वेळी. तिने बॅगेची चेन ओढली.

"फोटो चांगले काढा," ती म्हणाली.

हे 'काढा' त्याला फार लागलं.

"उल्का, थांबा... कॅमेरा घेतल्यावर तुम्ही कशाला याल, म्हणून मी घेतच नव्हतो. आणि तुमच्या कंपनीचा घेतला असता, तर तुम्हाला वाटलं असतं, हा आता जन्मभर मागे लागणार."

"आणि लागणार नव्हतास?"

नदीवर एक बगळा उडाला. समाधानने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"लागणार होतो."

उल्काने ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच.

"खोकं उघडलंस?"

"नाही. आधी नेटवर माहितीपुस्तक वाचतोय. अर्धंच झालंय."

"तुझ्या भित्रेपणाचं आज पहिल्यांदाच कौतुक वाटतंय. ऊठ!"

काकांनी आधी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवलं. मग खोक्याचं सील पाहिलं. मग या दोघांकडे पाहिलं, आणि फडताळातून दुसरं खोकं काढलं. बिलाच्या वरच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"नाव कुणाचं घालू?"

समाधानने घसा साफ केला.

"दोघांचं."

"वॉरंटी फक्त कॅमेऱ्याची," काका लिहीत म्हणाले. "बाकी कशाची दुकान जबाबदारी घेत नाही."

"बाकीचं आम्ही बघतो," समाधान म्हणाला. वाक्यात 'पण' आला नाही, म्हणून उल्काने वळून पाहिलं.