नवशिक्यांचं टेबल

वाचनालयाच्या जिन्यात आमची टक्कर व्हायची तेवढी राहिली. मी वर निघाले होते, तो घाईघाईनं खाली येत होता. बाहेर झिमझिम सुरू होती, पायऱ्या ओल्या होत्या. त्यानं कठडा धरला, मला वाट दिली... आणि वाट देऊनही तिथंच उभा राहिला.

"इटालियनसाठी आलात?" त्यानं विचारलं. "वर सगळे फडाफडा बोलतायत. मी आपला घरी निघालो होतो. तुम्हीही नव्याच ना?"

कॉलेजात चार वर्षं मी ती भाषा शिकले होते. मग बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, त्यांचं चष्म्याचं दुकान माझ्या गळ्यात पडलं आणि भाषेला गंज चढला. तो उतरवायला मी त्या दिवशी पहिल्यांदाच त्या गटात निघाले होते. पण त्याचे ते घाबरलेले, हसरे डोळे...

"हो," मी म्हणाले.

"मग बरं झालं. दोघं असलो की लाज अर्धी होते."

दर शनिवारी सकाळी वरच्या खोलीत दोन टेबलं लागायची, खिडकीपाशी जाणत्यांचं आणि दारापाशी नवशिक्यांचं. गट चालवणाऱ्या निवृत्त बाई जाणत्यांमध्ये रमायच्या. आम्हाला चित्रांची पुस्तकं देऊन 'बोला एकमेकांशी' म्हणायच्या. तो बुटांचे साचे कापायचा, म्हणून गटात तो कारागीर झाला, मी चष्मेवाली. बाईंचा नियम होता, सरावात सगळ्यांनी एकमेकांना 'तू'च म्हणायचं. ते 'तू' इटालियनमधून आमच्या मराठीत कधी उतरलं, कळलंच नाही.

"तुझा डावा पाय उजव्यापेक्षा जरासा मोठा आहे," एकदा तो सहज म्हणाला.

"पाय कशाला बघतोस माझे?"

"आमच्या धंद्यात पायच बघतात."

"आमच्या धंद्यात डोळे," मी म्हणाले. "तुझा उजवा कमजोर आहे. सारखा बारीक करतोस."

पुढच्या आठवड्यात तो दुकानात डोळे तपासायला आला. त्या दिवशी मी तीन वेळा काच बदलली. पहिलीच बरोबर होती.

इटलीतल्या बूट बनवणाऱ्या एका कारखान्यात वर्षभर काम शिकायला एका माणसाला घेणार होते. मुलाखत पडद्यावरून, तीन महिन्यांनी. त्यासाठीच त्याची ही धडपड. स्वतःची ओळख करून देणारी वाक्यं तो मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायचा. बूट म्हणजे 'स्कार्पे'. तो म्हणायचा 'शार्पे'. शार्पे म्हणजे मफलर. वाक्यावाक्याला तो छाती फुगवून सांगायचा की बारा वर्षं मी मफलर कापतो, वडीलही मफलरच कापायचे. क्रियापदांचंही तेच.

पहिल्यांदा मी गप्प राहिले, कारण नवशिकीला हे कळणार कसं? नंतर गप्प राहिले, कारण ऐकायला गोड वाटायचं. आणि शेवटी... शेवटी का गप्प राहिले, हे मला नीट माहीत होतं. तो पास झाला असता तर गेला असता.

मुलाखतीच्या आदल्या शनिवारी त्यानं सगळं एका दमात म्हणून दाखवलं आणि विचारलं, कसं वाटलं?

"छान," मी म्हणाले.

मंगळवारी दुपारी तो दुकानात आला. समोरच्या स्टुलावर बसला. पडद्यावरची माणसं दुसऱ्याच वाक्याला हसली होती. कशाला हसतात ते त्याला कळेना. आपल्या कामालाच हसतायत असं वाटलं आणि पुढे तोंडातून शब्द फुटला नाही. सगळं सांगून झाल्यावर तो स्वतःवरच हसला. ते हसू मला बघवेना.

मी त्याला सगळं सांगितलं. कॉलेजची चार वर्षं, स्कार्पे, शार्पे. तो जाऊ नये असं वाटत होतं, हेही.

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"चूक ऐकून तुम्ही हसला असतात तरी चाललं असतं," तो म्हणाला. "हसून का होईना, सांगायचं होतंत."

'तू' गेलं होतं, जिन्यातलं 'तुम्ही' परत आलं होतं.

रात्री जेवण गेलं नाही. बाबांनी विचारलं, तेव्हा त्यांना सांगून टाकलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर दिला तर आपण काय करतो? बोलावून घेतो, पुन्हा तपासतो, नवा चष्मा करून देतो. गिऱ्हाईक परत येईल की नाही, ते त्याच्यावर.

मी त्याच्या कामाच्या जागी गेले. कातड्याचा वास, लांब टेबल, आणि पाठमोरा तो. कारखान्यानं सहा महिन्यांनी पुन्हा माणूस निवडायचं ठरवलं होतं. मी शिकवते म्हणाले. त्यानं हातातला साचा पुरता कापला आणि मगच मान हलवली.

सहा महिने मी त्याची एकही चूक सोडली नाही. कधी तो चिडायचा, कधी हात टेकायचा. पण त्याची भाषा ताठ उभी राहायला लागली. आणि मी माझ्याच हातांनी त्याला माझ्यापासून दूर धाडत होते.

तो निवडला गेला. निघायच्या आदल्या शनिवारी गटानं टाळ्या वाजवल्या, बाईंनी पाठ थोपटली. नंतर सगळे गेले, आम्ही दोघं खुर्च्या लावत राहिलो.

"राहू का?" त्यानं विचारलं. खुर्चीच्या पाठीवर त्याची बोटं घट्ट होती. "खरं सांग."

कितीतरी महिन्यांनी ते 'तू' आलं होतं.

"राहा असंच वाटतं," मी म्हणाले. "पण माझ्यामुळे तू एकदा राहिलास. आता जा."

माझा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला... मग हळूच सोडला.

तिथून त्याची पत्रं इटालियनमधून यायची. खाली एक ओळ हमखास असायची — चुका कळव. मी लाल पेनानं खुणा करून परत पाठवायचे. आठ-दहा चुका, मग पाच, मग दोन. वर्ष संपलं, त्यांनी त्याला तिथंच ठेवून घेतलं.

परवाचं पत्र मी चार वेळा वाचलं. पेनाचं टोपण काढून दुकानात बसून राहिले. त्यात एकही चूक नव्हती, आणि खालची ती ओळही नव्हती.