शंभर वर्षांची दुरुस्ती

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. प्रुफं तपासण्याचं तिचं काम, आणि ते ती डोळ्यांत तेल घालून करायची. नायकाचे डोळे तिसऱ्या प्रकरणात घारे आणि नवव्यात काळे झाले, की तिची लाल पेन्सिल चाललीच. लेखकाला विचारायला वगैरे ती जात नसे. वीस वर्षांत कुणाची तक्रार आली नव्हती, त्यामुळे तिला समजावायच्या भानगडीत कोणी पडत नव्हतं.

घरी जोडीला लेक असायची, सोळा वर्षांची. ती हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि आई छापील कागदावर बोट फिरवायची. त्या आठवड्यात किशोरांसाठीची एक कादंबरी आली होती. झोपलेल्या राजकन्येची जुनीच गोष्ट, नव्यानं सांगितलेली. यातली राजकन्या चेटकिणीचं पुस्तक हट्टानं मोठ्यानं वाचते आणि शेवटच्या ओळीवर झोपी जाते. शाप शंभर वर्षांचा. पण सातव्याच दिवशी, कुणा राजपुत्राची वाट न बघता, ती आपली आपण डोळे उघडते.

"आधी शंभर वर्षं, शेवटी सात दिवस? काय चाललंय काय या लेखिकेचं?" भिंगबाईनं पेन्सिल उचलली.

"राहू दे ना गं आई. तेच तर भारी आहे. शापाला भीक घालत नाही ती."

"पुस्तकात काय ते एकच हवं."

तिनं 'सातव्या दिवशी' खोडून 'शंभर वर्षांनी' लिहिलं. लेक फुरंगटली.

महिन्याभरानं छापील प्रत घरी आली. दुपारची वेळ होती. लेक पलंगावर उशीला टेकून शेवटचं पान मोठ्यानं वाचत होती आणि आई समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होती. "शंभर वर्षांनी तिनं डोळे उघडले," एवढं वाचलं आणि लेकीची मान उशीवर कलली. दमली असेल पोर, म्हणून आईनं अंगावर चादर घातली.

संध्याकाळी हाका मारल्या. मग डॉक्टरांना बोलावलं. नाडी शोधता शोधता त्यांना घाम फुटला. अर्ध्या तासानं एक ठोका लागला. गाल गुलाबी होते, हात ऊबदार. उशाशी तिचा अर्धा प्यालेला चहा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर परत आले, तेव्हाही त्यातून वाफ निघत होती. चौघांनी मिळून तिला उचलायला पाहिलं. पलंगावरून ती बोटभरही सरकली नाही.

"माझ्या शिक्षणात हे नाही हो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बॅग बंद केली.

असल्या गोष्टींवर भिंगबाईचा काडीइतका विश्वास नव्हता. तरी ती तडक लेखिकेच्या घरी गेली. लेखिका म्हातारी होती, ठेंगणी, बोलायला मऊ.

"मी सातच दिवस लिहिले होते," ती म्हणाली. "एकदा विचारायचंत तरी."

"चुकलं माझं. पाया पडते तुमच्या. दुसरा शेवट लिहा, आत्ता लिहा!"

"छापून झालंय ना आता," लेखिका म्हणाली, आणि तिनं दार हळूच लोटून घेतलं.

घरी येऊन भिंगबाईनं तीच प्रत उघडली. 'शंभर वर्षांनी' खोडलं. वर लाल पेन्सिलीनं 'सातव्या दिवशी' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं नीट आलं.

सातव्या दिवशी दुपारी ती खुर्चीत बसून होती. लेकीच्या पापण्या हलल्या.

"उठली! उठली गं माझी बाय!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारीण धावत आली.

दोऱ्याएवढी फट पडली होती. दोघी वाट बघत राहिल्या. फट तेवढीच राहिली.

दुसऱ्या दिवशीही तेवढीच.

वर्षानं तिनं पट्टी लावून मोजली. केसभर वाढली होती.

लेक उठत होती. शंभर वर्षं उठत राहणार होती.

आता भिंगबाईच्या डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही. लेक सोळाचीच आहे. बुबुळाची कड दिसू लागली आहे आणि नजर समोरच्या खुर्चीकडे आहे, म्हणून ती खुर्ची कधी हलत नाही. आपल्यानंतर त्या खुर्चीत कोण बसेल, हे भिंगबाईला अजून ठरवता आलेलं नाही. लेकीला काही कळत नसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी आलं. ते अजून गालापर्यंत पोहोचलेलं नाही.