देवाकडे नाटक चालत नाही

"ओ कॅमेरावाले, रस्ता काय तुमच्या आजोबांचा?"

अनुसयेनं स्कूटरचा ब्रेक करकचून दाबला. श्रावणाची भुरभुर चालू होती, रस्ता निसरडा, आणि हा दीडशहाणा कॅमेरा मांडून भर रस्त्यात उभा!

"माझ्या आजोबांचं घर इथंच होतं," तो अगदी भाबडेपणानं म्हणाला. "रस्ता... बहुतेक सरकारचा असेल."

चिडायचं सोडून अनुसयेला हसूच फुटलं. झालं! तिथंच सगळा घोटाळा झाला.

हा परेश. वडील इथले, गोव्यातल्या पेडण्याचे, पण याचा जन्म लंडनचा. चार माणसं आणि एक कॅमेरा घेऊन सिनेमा काढायला आला होता. परदेशात वाढलेला मुलगा बापाच्या गावातल्या मुलीच्या प्रेमात पडतो, अशी गोष्ट. पैशांची बोंब, म्हणून नायकही तोच. नायिका पुण्याची, तिला पेडण्याची बोली शिकवायला कोणीतरी हवं होतं. जवळच्या तुये गावातल्या कारखान्यातली ड्यूटी आटपून अनुसया रोज संध्याकाळी हजर व्हायला लागली. बोली शिकायची नायिकेनं, पण धडे मात्र परेशच जास्त गिरवायचा.

"तुम्हा परदेशात वाढलेल्यांच्या सिनेमांत प्रेम करणारी माणसं शेवटी निघून का जातात हो?" भाजीत पाव बुडवता बुडवता तिनं एकदा विचारलं.

"कारण आपलं घर कुठलं, तेच आम्हाला कळत नाही. तिकडे विचारतात, मूळचा कुठला? इकडे विचारतात, परत कधी जाणार?"

"मी विचारलं कधी?"

"नाही... तीच तर पंचाईत झालीय."

अनुसयेचे कान तापले. तो पुढं काही बोलेल म्हणून ती थांबली, तर हे महाराज उठून कॅमेऱ्याची काच पुसायला लागले! दिग्दर्शक म्हणे! दुसऱ्यांच्या तोंडी पानपानभर संवाद, आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप.

रविवारी शेवटचं शूटिंग, सोमवारी त्याचं विमान. आज बोलला नाही तर संपलंच.

प्रसंग रवळनाथाच्या देवळातला. ही मुलगी माझी होऊ दे, असं नायक गुरवाच्या तोंडून देवाला गाऱ्हाणं घालतो. परेशनं छापील संवाद गुरवाच्या, महादेवकाकांच्या हातात ठेवले. काकांनी कागद वाचला आणि परत केला.

"ह्यो नायक खंयचो? तेचो बापूस कोण?"

"काका, तो खरा नाही. गोष्टीतला आहे."

"मगे जमाचां नाय. देवाकडे नाटक चलना. खरां काय मागाचां आसात तां सांग, तां मागतंय."

मंडळी हिरमुसली. परेशनं एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा खांबाआडच्या अनुसयेकडे... आणि वाकून काकांच्या कानात काहीतरी पुटपुटला. काकांच्या भुवया कपाळात गेल्या. मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी हात जोडले आणि देऊळ दणाणलं —

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्या गावानं सवयीनं साथ दिली.

"ह्यो परेश, दर्यापल्याड जल्मलो तरी तुझोच झिल, आज तुझ्या पायाकडे इलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेका आमची अनुसया आवाडता. तोंडार सांगूक भियेता, म्हणान तुका मदी घालता. दोघां हंय रवतली काय थंय, तां तीं मागीर बघतली. पण एकमेकांक सोडूची नाय, असां कर रे म्हाराजा!"

आता साथ द्यायची कोणी? सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. मेल्यानं चारचौघांत, तेही देवासमोर! खरं तर तिला राग यायला हवा होता. पण इतका आनंद झाला होता, की रडू येतंय का हसू, तेच कळेना. परेश बिचारा निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा पांढराफटक पडला होता.

"गो अनुसया," काका म्हणाले, "देवाक ताटकळत ठेवू नये."

तिनं ओढणी सावरली, हात जोडले, सरळ परेशच्या डोळ्यांत पाहिलं आणि वाडीभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली —

"व्हय म्हाराजा!"