ताईच्या डोळ्यांसाठी मस्कारा

त्या दुपारी मला एकच मस्कारा हवा होता, आणि फळीवरचे सहाच्या सहा मस्कारे एक माणूस आपल्या टोपलीत भरत होता.

"अहो, एक तरी ठेवा की!" मी म्हणाले.

तो दचकला. उंच, जरासा पोक काढून उभा राहणारा, शर्टाच्या खिशातून एक छोटं भिंग डोकावत होतं.

"नाही देता येणार," तो पुटपुटला.

"सहा मस्कारे? बहिणी तरी किती आहेत तुम्हाला?"

"एकही नाही."

"मग स्वतःसाठी का? पापण्या तर चांगल्या लांब आहेत की तुमच्या!"

तो कानापर्यंत लाल झाला. मला गंमत वाटली. मी सरळ त्याच्या टोपलीत हात घातला आणि एक हिरवी डबी उचलली... तोच त्याने माझं मनगट धरलं. लगेच सोडलंही.

"माफ करा. पण हा घेऊ नका. खरंच नका घेऊ."

"का? 'थेट निसर्गातून, एकही रसायन नाही.' हे वाचूनच तर घेतेय. परवाच एक नेलाय, ताईसाठी. प्रयोगांसाठी आणखी एक हवा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "लावला त्यांनी?"

"आज लावणार, रंगीत तालमीला. पण तुम्हाला काय त्याचं?"

"हा मस्कारा... मी बनवतो."

मग त्याने भराभर सांगितलं. मस्काऱ्यात पाणी असतं, आणि पाणी आलं की जंतू आले. ते वाढू नयेत म्हणून त्यात चिमूटभर प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. या खेपेला मालकाने तेच काढून टाकलं होतं, डबीवर 'एकही रसायन नाही' असं छापता यावं म्हणून. आज सकाळी प्रयोगशाळेत त्याने तपासणीची बशी पाहिली, तर जंतूंची वाढ झालेली!

माझी ताई नाटकात प्रमुख भूमिका करते आणि तिची रंगभूषा मी. दोन वर्षांपूर्वी एका जुनाट मस्काऱ्याने तिच्या डाव्या डोळ्याच्या बुबुळाला जखम झाली होती. तीन आठवडे डोळ्यावर पट्टी! तेव्हापासून डबीवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय मी तिच्या डोळ्याजवळ काही नेत नसे. आणि हा मस्कारा... हा तर मी स्वतः निवडला होता.

मी फोन लावला. बंद. तालमीच्या वेळी सगळ्यांचे फोन दिग्दर्शकाच्या खणात जमा होतात.

"नाट्यगृह किती लांब आहे?" त्याने विचारलं.

"दहा मिनिटं. धावलं तर पाच."

आम्ही धावलो. तो टोपली घेऊनच निघाला, दुकानदार मागून ओरडत राहिला.

रंगपटात शिरलो तेव्हा ताई आरशासमोर होती. उजवा डोळा कोरा, डावा रंगलेला.

"ताई, हात लावू नकोस!"

"अगं, काय झालं? आणि हे भिंगवाले कोण?"

भिंगवाल्याने आधी साबणाने हात धुतले. उकळून गार केलेलं पाणी मागितलं, कापूस मागितला. "पापणी मिटा. चोळू नका," असं ताईला सांगत तो माझ्याकडे एकेक बोळा देत गेला, मी पुसत गेले. त्याचे हात स्थिर होते.

तिथून तडक दवाखाना गाठला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली तपासलं, थेंब दिले. "आज काही दिसत नाही. पण जुनी जखम आहे, त्यामुळे पुढचे तीन दिवस कळीचे. लाल झाला तर लगेच या."

नाटकाचा पहिला प्रयोग नऊ दिवसांवर होता.

बाहेरच्या बाकावर तो बसून होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"आणि ज्यांच्या घरी मस्कारे आधीच गेलेत, त्यांचं काय? त्यांच्या घराघरात टोपली घेऊन जाणार?"

"मी मालकांना सकाळी सांगितलं. ते म्हणाले, गाजावाजा नको. म्हणून निदान दुकानातले तरी..."

"मग जाहीर सांगा!"

"ते माझे मामा आहेत." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आईवडील गेल्यावर मी त्यांच्याच ताटात जेवून मोठा झालो. ती कंपनी म्हणजे त्यांचा जीव आहे."

"आणि ही ताई म्हणजे माझा!"

तो उठला आणि टोपली उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा डोळा लाल होता.

डॉक्टरीणबाईंनी थेंब बदलले, दर दोन तासांनी घालायला सांगितले. ताई विनोद करत होती, पण थेंब घालताना माझा हात घट्ट धरायची. मी मनातल्या मनात त्या माणसाला हजार शिव्या दिल्या. आणि त्याच्यावर इतका राग येत असताना रस्त्यावर उंच कोणी दिसलं की छातीत धस्स का व्हायचं, हे काही मला उमगेना.

तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात काचेवर कागद चिकटवलेला दिसला. 'या खेपेचा मस्कारा वापरू नका. त्यात जंतू आढळले आहेत. डोळे लाल झाल्यास डॉक्टरांना दाखवा.' खाली कंपनीच्या रसायनतज्ज्ञाची सही आणि त्याचा स्वतःचा फोन नंबर.

मी तो नंबर तिथेच उभी राहून लावला. सतत व्यस्त. सातव्यांदा त्याने उचलला. आवाज बसला होता.

"ताईंचा डोळा?" त्याने आधी हेच विचारलं.

"आज जरा निवळलाय. तुमचं काय?"

"मामांनी दार दाखवलं. बोलत नाहीत माझ्याशी. पण सगळा माल परत आला... दोनशे फोन घेतले, आणखी कुणाला काही झालेलं नाही."

मी काचेवरची त्याची सही पुन्हा एकदा वाचली.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय. उद्या चार वाजता त्या दुकानात या. ताईसाठी मस्कारा निवडायचाय. आणि टोपलीचे पैसे द्यायचे राहिलेत तुमचे."

दुसऱ्या दिवशी फळीसमोर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो. तो भिंगातून बारीक अक्षरं वाचत होता.

"हा?" मी विचारलं.

"सुवास घातलाय. डोळ्याला सुवास कशाला? डोळा काय वास घेतो?"

"आणि हा?"

"पाण्याने निघतच नाही. काढायला चोळावं लागणार. ताईंना नको."

"हा बघा, 'शुद्ध नैसर्गिक'."

"विषारी बियासुद्धा शुद्ध नैसर्गिक असतात." त्याने खालची एक साधी डबी उचलली. "हा बघ... बघा. मेण, डिंक, काळा रंग, आणि प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं तेही प्रामाणिकपणे लिहिलंय. कोमट पाण्याने निघतो. नळी धातूची आहे, रिकामी परत घेतात. तीन महिन्यांनी मात्र टाकून द्यायचा."

"'बघ' चालेल मला," मी म्हणाले.

भिंग त्याच्या हातून निसटता निसटता राहिलं.

"आधी हातावर लावून दोन दिवस बघायचा," तो घाईघाईने म्हणाला, "मग..."

"मग कुणाच्या तरी डोळ्याला. कुणाच्या?"

तो नको नको म्हणत असतानाच तीन दिवसांनी मी त्याला रंगपटातल्या खुर्चीत बसवलं. हनुवटी धरली. "वर बघ. डोळे मिचकावू नकोस." त्याचा श्वास थांबला होता, माझाही. एका डोळ्याला मस्कारा लावून तो दिवसभर हिंडला. संध्याकाळी डोळा स्वच्छ होता. ताईचाही लालपणा पुरता गेला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

पहिला प्रयोग दुपारी तीनचा. दुसऱ्या अंकात ताईला भरपूर रडायचं होतं. मी विंगेत उभी राहून फक्त तिचा डावा डोळा बघत होते. अश्रू आले, गालावर मस्काऱ्याचा एक काळा ओघळ आला... ताईने पदर लावला नाही, डोळा मिटला नाही. तशीच बोलत राहिली. प्रेक्षागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

"ठीक आहे ना डोळा?" शेजारी अंधारात तो कुजबुजला.

"ठीक आहे." मी केव्हापासून त्याचा हात धरला होता, देव जाणे.

"रविवारी मामांकडे जाणार आहे. दोनदा दारातून परत फिरलो. तू... येशील का बरोबर?"

"ते विचारतील, ही कोण. काय सांगशील?"

"सांगेन, ही माझी..." तो अडला. "म्हणजे ही..."

"तिथेही असाच अडलास तर त्यांना वाटेल, वकील घेऊन आलाय!"

तो हसला नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "सांगेन, हिच्यावर माझं प्रेम आहे. हिचं आहे की नाही, ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही."

रंगमंचावर ताई शेवटच्या वाक्यापाशी आली होती. माझ्या कानात नुसती धडधड.

"मग विचार की."

"आत्ता?"

"पडदा पडायच्या आत!"

त्याने विचारलं. नेमका त्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मला त्याचे फक्त ओठ हलताना दिसले. तेवढं पुरे होतं. मी टाचा उंचावून त्याच्या कानाशी गेले आणि ओरडून म्हणाले,

"रविवारी किती वाजता निघायचं?"