उष्टावणाचा मामा

चांदीची छोटी वाटी तो उजेडात फिरवून फिरवून बघत होता, आणि तोंडावर रुमाल घट्ट बांधलेला. डिचोलीच्या त्या सोनाराकडे समीक्षा तुटलेली साखळी सांधायला आली होती. तिने त्याला नुसत्या डोळ्यांवरून ओळखले... आणि आल्या पावली परत फिरावे असे तिला वाटले.

पण प्रवीणने तिला पाहिलेच. "मॅडम! तुमी हय?"

प्रवीण सुर्ल्याचा. घराणे मूळचे सिंधुदुर्गातले, हा खनिजाचा ट्रक चालवायचा. समीक्षा दातांच्या संशोधनासाठी सुर्ल्याला शिबिर घेऊन गेली, तेव्हा रक्त द्यायला पहिला हात त्याने पुढे केला होता. "सुई हळू टोचा हां, माझा काळीज थयच आसा," म्हणून तिला हसवले होते. मग काहीबाही विचारायला त्याचे फोन येऊ लागले. एखाद्या दिवशी आला नाही, की चोपड्याच्या या हुशार मुलीचे कामात लक्ष लागत नसे.

पुढे रक्ताचा अहवाल आला, आणि बाईसाहेबांची घाई नडली. शरीराने ज्या जंतूशी झुंज घेतली असेल, त्याच्या प्रथिनापाशी तपासणीच्या पट्टीवर काळी रेघ उमटते. प्रवीणची रेघ हिरड्या पोखरणाऱ्या जंतूच्या जागी उमटली होती. समीक्षाने पंचायतीच्या सभागृहात, चारचौघांसमोर सांगून टाकले – तुमच्या तोंडात वाईट जंतू आहे, उष्टे कुणाला देऊ नका, लहान मुलांना तर हातानेही भरवू नका.

महिन्याने तिच्या गोकुळदास सरांनी ती पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं, हे प्रथिन त्या एकट्याचं आहे का? तोंडातले कितीतरी गरीब जंतू तेच अंगावर घेऊन फिरतात, तेच बाहेर सोडतात. एका रेघेवरून चोर ठरवलास?" मग प्रवीणच्या दातांवरचा, शिबिरात खरवडून जपून ठेवलेला थर तपासला, तर तो जंतू त्यात औषधालाही नव्हता.

याला पाच दिवस झाले. पाचही दिवस समीक्षा फोन उचलत होती आणि ठेवत होती. एवढी शिकलेली, पण 'चुकले' हा एक शब्द तोंडातून निघेना!

"वाटी कुणाला?" तिने उगाच विचारले.

"भाचयेक. आयतारा उष्टावण आसा." रुमालाआड त्याचा आवाज दबका येत होता. "मामाच्या मांडयेर बसान पयलो घास. पण... मी भरवूचंय नाय. बाबा भरवतले. तुमी सांगितल्यात मा?"

धरणीने पोटात घेतले तर बरे, असे समीक्षाला झाले. "प्रवीण, मी... तो अहवाल..."

"काय?" त्याचे डोळे हसले. "माका बघून बोलूक इसारलात काय?"

ती मान खाली घालून दुकानाबाहेर पडली. बसमध्ये बसल्यावर तिला स्वतःची इतकी किळस आली, की शेजारच्या बाईने "बरं नाय काय गो?" म्हणून विचारले.

रविवारी सुर्ल्याच्या अंगणात माणसे जमली होती. प्रवीणची बहीण प्राजक्ता लेकीला घेऊन पाटाशी बसली होती. खिरीची वाटी सखारामांच्या, म्हणजे आजोबांच्या हातात. आणि मामा? तो अंगणाच्या कडेला, परक्यासारखा, रुमाल बांधून उभा.

"थांबा काका." समीक्षा रस्त्यावरून थेट अंगणात आली. "चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच सांगते. प्रवीणच्या तोंडात तो जंतू नाही. नव्हताच. चूक माझी... आणि आठ दिवस मला ते माहीत होतं. लाजेने बोलले नाही."

सगळ्यांच्या माना सखारामांकडे वळल्या.

"बाय," सखाराम हळूच म्हणाले, "म्हयनोभर पोरगो येगळ्या ताटात जेवता."

म्हाताऱ्याने वाटी मुलाच्या हातात दिली. प्रवीणने रुमाल सोडला, भाचीला मांडीवर घेतले. पोरीने घास चाखला, तोंड वेडेवाकडे केले आणि सगळी खीर मामाच्या नव्या शर्टावर उडवली. अंगण हसू लागले, तशी समीक्षा गुपचूप रस्त्याला लागली.

"थांब गो!"

मागून तो आला. शर्टावर खीर तशीच, आणि 'मॅडम' कुठल्या कुठे गेलेले.

"आठ दिवस?"

"आठ."

"लोकांचा माका काय नाय. पण तुका माझा तोंड घाण वाटता, ह्या मनात धरून मी फोन करूक सोडलंय."

समीक्षाचे डोळे भरून आले. "लाज माझी होती रे... वागवलीस तू."

"माका राग इलो हा. खूप."

"यायलाच हवा."

"आणि तू आवडतस. आता तेचा काय करू?"

तिने वर पाहिले. गाल तापले होते, आणि या वेळी ते नुसते शरमेने नव्हते. "मलाही तू... पण आधी पोटभर रागाव. मी कुठे जात नाही."

मग तो रागावला. अगदी मनापासून, भर रस्त्यात, तोंड उघडून. ती एकेक शब्द ऐकत राहिली. प्राजक्ताने दोनदा जेवायला हाक मारली, तरी दोघांनी हलायचे नाव घेतले नाही.