गाडी कोण चालवतंय?

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घातलं असतं, तर शेवट तरी बरा केला असता.

सतरा वर्षं झाली या गोष्टीला. शनिवार होता. दुपारचे अडीच वाजले होते.

हो, भरदुपारची गोष्ट आहे ही.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. धाकटी बहीण पाचची. आई कपडे शिवायची आणि ही दिवसभर मशीनखाली बटणं गोळा करत बसायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं बटण. बाबा शाळेची बस चालवायचे. वर्षातून एकदाच त्यांना सलग चार दिवस सुट्टी मिळायची, आणि तीही नेमकी वादळांच्या दिवसांत.

तरी आम्ही निघालो. डोंगरापलीकडे समुद्रकाठी लख्ख ऊन आहे, असं रेडिओवर सांगत होते.

"इकडे भिजू, तिकडे वाळू," बाबा म्हणाले.

बाबा गाडी चालवताना गप्प बसूच शकत नसत. गाडी सुरू करण्याआधी मागे वळून मोठ्याने डोकी मोजायची, ही त्यांची बसमधली सवय. आम्ही दोघीच असलो तरी मोजायचे. "एक... दोन... सगळे हजर!"

दोन तास पाऊस नुसता झोडपत होता. मग एक नदी आली. बुटका पूल, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. पुलावरून पाणी वाहत होतं.

बाबांनी गाडी थांबवली. "पाण्याचा अंदाज पायाने घ्यायचा, चाकाने नाही," म्हणाले. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात टाकला आणि उतरले.

"अहो, जपून," आई म्हणाली.

"आलोच."

ते पुलावर गेले. दहा पावलं दिसले... मग पावसाने त्यांना पुसूनच टाकलं.

आम्ही वाट पाहत बसलो. काच पुसायचा वायपर तेवढा वाजत होता.

पाच मिनिटं झाली...

आणि गाडीचं दार उघडलं. बाबा आत येऊन बसले. नखशिखांत भिजलेले.

मला एवढंच खटकलं, की समोरून येताना ते दिसलेच नाहीत.

ते गाडीच्या मागून आले होते.

"पाणी फार आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या रस्त्याने जाऊ."

त्यांनी गाडी वळवली आणि निघाले.

डोकी मोजली नाहीत.

बटण मागच्या काचेला नाक लावून बसली होती. हळूच म्हणाली, "ताई, बाबा राहिले."

"गप गं. बाबा पुढे बसलेत."

"ते नाही... ते बघ, पळतायत."

मी मागे पाहिलं. काचेवर वाफ धरली होती. काहीच दिसलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

आईचा फोन तिच्या पर्समध्ये असायचा आणि पर्स माझ्या मांडीवर होती. मी फोन बाहेर काढला. आईने बाबांचं नाव फोनमध्ये 'हे' असं ठेवलं होतं.

पडद्यावर 'हे' लिहिलेलं होतं.

मला वाटलं, बाबांच्या खिशात चुकून कळ दाबली गेली असेल. मी फोन कानाला लावला.

पाण्याचा प्रचंड आवाज... धाप... आणि बाबांचा आवाज.

"अगं, गाडी कुठे नेताय? थांबा! मी अजून पुलावर आहे... पाणी वाढतंय..."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"बाळा? तू आहेस का? अगं, मी इथे आहे... मग गाडी कोण चालवतंय?"

मी समोर पाहिलं. आरशात दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

"कुणाचा फोन?"

आवाज बाबांचाच होता.

"रा... राँग नंबर," मी म्हणाले.

आणि मी फोन बंद केला.

मी बंद केला. सतरा वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

फोन पुन्हा वाजला. आईने मागे हात करून तो माझ्याकडून घेतला. पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. घंटी वाजत राहिली... वाजत राहिली... आणि थांबली.

परत वाजली नाही.

आईने फोन मांडीवर पालथा ठेवला.

संध्याकाळच्या आत आम्ही समुद्रावर पोचलो. खरंच लख्ख ऊन होतं. लोक वाळूत पहुडले होते, पोरं आइस्क्रीम चाटत होती. आमची गाडी चालवत आलेले ते, खुर्ची टाकून उन्हात बसले.

तीन दिवस बसले.

माझे ओले बूट तासाभरात वाळले. त्यांची कॉलर वाळली नाही. शर्ट बदलला, की तोही थोड्या वेळाने ओला. खोलीतल्या फरशीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटायचे. आई ते फडक्याने पुसत फिरायची. आमच्याकडे न बघता.

मी एकदा विचारलं, "बाबा, तुमचा मोबाइल कुठेय?"

"पडला पाण्यात," ते म्हणाले. आणि हसले. बाबांसारखेच हसले.

परतताना पाऊस थांबला होता. पूल मोकळा झाला होता. एका बाजूचा कठडा मात्र नव्हता. पूल लागायच्या आधी एक पेट्रोल पंप आहे, तिथे आम्ही थांबलो.

पंपावरचा माणूस बोलका होता. "शनिवारी या पुलावर एक जण अडकला होता हो. हात वर करून ओरडत होता, कानाला फोन लावत होता. आम्ही दोरी आणायला धावलो... आलो तर कठडाच नाही."

"कोण होता?" आईने विचारलं. तिचा आवाज अगदी सरळ होता.

"काय माहीत! सापडला नाही. विचारायलाही कोणी आलं नाही बघा."

ते शेजारीच उभे होते. शांतपणे ऐकत होते. पेट्रोल भरून झालं, तसं त्यांनी टाकीचं झाकण नीट लावलं आणि म्हणाले, "चला."

आम्ही गाडीत बसलो.

दुसरं काय करणार होतो?

नंतरची सगळी वर्षं त्यांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. बस चालवत राहिले. आई रोज सकाळी त्यांची उशी उन्हात टाकायची. रोज. बटण मोठी झाली. तिला त्या प्रवासातलं काहीच आठवत नाही, असं म्हणते.

गेल्या वर्षी आई गेली. त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघीच होतो. तिने माझा हात धरला.

"मला माहीत होतं गं."

"केव्हापासून?"

"तो गाडीत बसला तेव्हापासून."

आईने बाबांना आयुष्यात कधी 'तो' म्हटलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

तिने छताकडे पाहिलं. म्हणाली, "काय बोलू? मागे तुम्ही दोघी. चहूकडे पाणी. आणि मला गाडी चालवता येत नव्हती."

आता ते माझ्याकडे राहतात. हे लिहितेय तेव्हा ते पलीकडच्या खोलीत माझ्या मुलीचा अभ्यास घेतायत. तिचा फार जीव आहे त्यांच्यावर.

मी त्यांना बाबाच म्हणते.

दुसरं काय म्हणणार?