धुराड्याची लाल कड

"उद्या प्रदर्शन उघडतंय आणि माझ्या चित्राखाली नवऱ्याच्या नावाची पाटी आहे," एडना लॅथम म्हणाली. "मला कुणाची कीव नको. माझं नाव हवंय."

खासगी गुप्तहेर मिना केसलरने हॅट उचलली. मदतनीस टोबिन पुटपुटला, "नवराबायकोचं भांडण आहे, बाई. आपण कशाला पडायचं?" मिना दाराबाहेर पडलीसुद्धा. टोबिनची स्वारी मागोमाग निघाली.

न्यूयॉर्कच्या त्या दालनात चित्र झोकात टांगलं होतं. तिरक्या इमारती चिरत वर चौकटीत घुसलेलं, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचं अवाढव्य पिवळं धुराडं. सही नव्हती. सायलस प्रुइटच्या कवितेवरून ते काढलंय, एवढं दोघांनाही मान्य होतं.

नवरा ऑर्विल ऐटीत बसला होता. बायकांनी फळंफुलं रंगवावीत, असं त्याने वर ऐकवलं. हिवाळाभर तो पॅरिसला होता म्हणे. वसंतात परतला, कवितेचं छापील पुस्तक हाती पडलं, आणि लगेच कोऱ्या कॅनव्हासवर त्याने हे चित्र केलं, असं त्याचं म्हणणं.

कवी प्रुइट दोघांचाही मित्र. तो कुणाचीच बाजू घेईना. छापण्याआधी कविता कुणाच्या तरी शेगडीपाशी बसून म्हणून बघायची, ही त्याची खोड. ही कविता त्याने हिवाळ्यात फक्त एडनालाच ऐकवली होती. "तेव्हा धुराडं लाल होतं," तो म्हणाला. "छापताना पिवळं केलं."

"ऐकली म्हणून चित्र तिचं होतं का?" टोबिन कुरकुरला.

मिनाने चौकट काढायला लावली. लाकडावर दुमडून खिळे ठोकलेली कॅनव्हासची कड उघडी पडली. धुराडं जिथे दुमडीवरून मागे गेलं होतं, तिथे ते लालभडक होतं.

ऑर्विल हसला. "चित्राआधी कॅनव्हासला लाल अस्तर देतातच."

"अस्तर सगळीकडे असतं. इथे बाकीची कड पांढरी आहे," मिना म्हणाली. "धुराडं आधी लाल होतं. पुस्तक आल्यावर समोरून पिवळं केलं. चौकटीआड जाणारी कड पुन्हा कोण रंगवत बसतो? तुमच्या हाती कविता आली तीच पिवळी, मिस्टर लॅथम. मग लाल रंगवलं कुणी?"

टोबिनने मान खाली घातली. दालनाच्या मालकाने पाटी काढली आणि गुपचूप दुसरी लावू म्हणाला.

"गुपचूप नाही," एडना म्हणाली. तिने पिशवीतून लाल रंग आणि ब्रश काढला, आणि सगळ्यांदेखत पिवळ्या धुराड्यावर आपलं नाव आडवं, हातभर लिहिलं.

"आता घाला चौकट," ती म्हणाली.